बोगद्यापलीकडचा डोंगर : कात्रजहून घाटमाथ्याकडे जाताना

(कात्रज इथे श्रोत्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांनी विचारलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



आजचा विषय तसा साधा आहे. सुट्टीच्या दिवशी कात्रजहून निघायचं आणि डोंगरात जायचं. सिंहगड, राजगड, तोरणा, वेल्ह्याकडची भातखाचरं, पुढे मढे घाट. तिकडे कसं जायचं, कधी जायचं, बरोबर काय न्यायचं आणि कोणत्या दिवशी सरळ घरी बसायचं, एवढंच मी सांगणार आहे. यातलं बरंचसं तुमच्यातल्या जुन्या भटक्यांना माहीत असेल. त्यांनी आज नातवंडांसाठी ऐकावं.

मी नुसतं ‘हे करा, ते करू नका’ असं सांगणार नाही, त्यामागचं कारणही सांगेन. पाठ केलेला नियम धबधबा समोर दिसला की विसरतो. कारण कळलेलं असलं की पाय आपोआप थांबतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट. आपल्या डोंगरांचा सगळ्यात मोठा धोका कोणता असेल, तर ते फार जवळ आहेत. हिमालयात जाणारा माणूस दोन महिने आधीपासून जिने चढायला लागतो, बूट घेतो, डॉक्टरांना दाखवून येतो. आपल्याकडे काय होतं? रविवारी सकाळी नऊला कुणीतरी म्हणतं, “चला रे, राजगडला जाऊन येऊ.” आणि साडेनऊला चार मोटारसायकली बोगद्यातून पलीकडे. पाण्याची एक बाटली दोघांत, पायात सँडल. डोंगर जवळ आहे म्हणून तो सोपा आहे, असं आपण धरून चालतो. दर पावसाळ्यात वर्तमानपत्रात ज्या बातम्या येतात, त्यातल्या बऱ्याचशा इथून सुरू होतात.

बोगद्यापलीकडे नेमकं काय आहे?

आधी भूगोल डोळ्यांसमोर आणू. आपल्या कात्रजच्या डोक्यावर जी डोंगररांग दिसते, ती भुलेश्वरची रांग. पश्चिमेला सिंहगड, मग कात्रजचा घाट, पूर्वेला दिवे घाट, आणि पुढे यवतजवळच्या भुलेश्वरापर्यंत ती जाते. ही भिंत म्हणजे आपलं पाणी आहे. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकात इथे तलाव बांधून जमिनीखालच्या दगडी नळातून थेट शनिवारवाड्यापर्यंत पाणी नेलं, ते या डोंगराच्या जिवावर. आंबिल ओढाही इथूनच उगम पावतो.

भिंतीच्या दक्षिणेला शिवगंगेचं खोरं. खेड शिवापूर, कोंढणपूर ही गावं तिथली. आणखी दक्षिणेला गेलात की नसरापूर. तिथून पश्चिमेला वळलात की गुंजवणीचं खोरं लागतं, आणि राजगड-तोरणा समोर उभे राहतात. वेल्हे तालुक्याला सरकारदरबारी आता राजगड तालुका म्हणतात, पण वाटेत विचारायचं असेल तर वेल्हे म्हटलेलंच लवकर कळतं. वेल्ह्याच्याही पलीकडे केळद, आणि तिथे सह्याद्रीची कड. कडेखाली कोकण.

आता यात महत्त्वाचं काय, तर पाऊस. पुणे शहरात वर्षभरात सुमारे 700 ते 750 मिलीमीटर पाऊस पडतो. आपण जसजसे पश्चिमेला जातो, तसतसा तो वाढत जातो आणि घाटमाथ्यावर कित्येक पट होतो. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला धडकून वर चढतात, वर गेल्यावर थंड होतात आणि तिथेच रिकामे होतात. आपल्यापर्यंत उरलंसुरलं येतं. म्हणून कात्रज चौकात नुसती भुरभुर असते, तेव्हा केळदला समोरचा माणूस दिसत नाही इतका कोसळत असतो. ‘इथे तर काहीच पाऊस नाही’ हे वाक्य आपल्या भागात पुरावा म्हणून चालत नाही.

हवामानाचा इशारा वाचायचा कसा?

हवामान खात्याचे रंग सगळ्यांना माहीत आहेत, अर्थ थोड्यांना. 24 तासांत 64.5 मिलीमीटरच्या वर पाऊस म्हणजे जोरदार, 115.6 च्या वर म्हणजे अति जोरदार, आणि 204.4 च्या वर म्हणजे अत्यंत जोरदार. पिवळा रंग म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे हालचाल करा. आणि पर्यटकाच्या बाबतीत हालचाल म्हणजे घरी थांबणं, एवढीच.

बघताना ‘पुणे’ एवढंच बघू नका. इशाऱ्यात बहुतेक वेळा ‘पुणे जिल्ह्यातील घाट क्षेत्र’ असं वेगळं लिहिलेलं असतं. आपण ज्या दिशेला जाणार आहोत, ती ओळ वाचायची. माझा स्वतःचा नियम असा, की घाट क्षेत्राला नारिंगी असेल तर ओढा ओलांडायला लागेल अशा ठिकाणी जायचं नाही. लाल असेल तर बोगदाच ओलांडायचा नाही.

आता धबधब्याचं. पाणी अचानक कसं वाढतं, हा प्रश्न लोक नेहमी विचारतात. आपला डोंगर काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे थर एकावर एक बसलेले. त्यात पाणी चटकन मुरत नाही. वर दोन डोंगर पलीकडे ढग फुटला, की ते सगळं पाणी त्या उघड्या दगडावरून घसरत एका अरुंद घळीत येतं. तुमच्या डोक्यावर ऊन असू शकतं, आणि दहा मिनिटांत गुडघ्याएवढं पाणी छातीएवढं होऊ शकतं. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, ती अशीच. पाण्यात एकमेकांना धरून उभी होती. व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला, आणि पुढच्या रविवारी धबधब्यांवर पुन्हा गर्दी होती.

पाणी वाढायच्या आधी खुणा देतं. स्वच्छ पाणी एकदम गढूळ व्हायला लागतं. पानं, काटक्या वाहून यायला लागतात. आवाज बदलतो, जड होतो. यातली एक खूण दिसली की वस्तू गोळा करत बसायचं नाही. बाहेर यायचं, आणि ज्या काठाला घर आहे, म्हणजे परतीची वाट आहे, त्याच काठाला यायचं. दुसऱ्या काठाला गेलात तर रात्र तिथेच.

हे फक्त लांबच्या घाटातच होतं असं समजू नका. 6 जून 2013 ला आपल्याच बोगद्यापलीकडे, शिंदेवाडीजवळ, डोंगर तोडून ओढ्याची वाट बदलली होती तिथून आलेल्या लोंढ्यात महामार्गावरून एक आई आणि तिची तान्ही मुलगी वाहून गेली. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री याच डोंगरावर पाऊस कोसळला आणि आंबिल ओढ्यानं शहरात शिरून घरंच्या घरं नेली. खेड शिवापूरला दर्ग्याजवळ झोपलेली माणसं वाहून गेली. त्या एका रात्रीत पुणे आणि आसपास 20 हून अधिक जीव गेले. तेव्हा ओढा म्हणजे ओढा. तो कोरडा असला तरी त्यात गाडी लावायची नाही, तंबू तर नाहीच नाही.

प्रशासन पावसाळ्यात धबधबे, घाट, किल्ले अशा ठिकाणी बंदीचे आदेश काढतं. 15 जून 2025 ला कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीनं कोसळून चार जण गेले, त्यानंतर ही सक्ती आणखी वाढली. निघायच्या आदल्या दिवशी बंदी आहे का, एवढं पाहा. पोलिसाशी हुज्जत घालण्यात सकाळ घालवू नका. त्याची ड्यूटी पावसात आहे, तुमची सहल आहे.

निघायचं कधी आणि कसं?

पहाटे. दुसरं उत्तर नाही. कात्रज चौक सकाळी साडेपाचला ओलांडला तर वेल्हे दीड तासात येतं. अंतर साधारण 50 किलोमीटर. साडेआठला निघालात तर रांगेत उभं राहण्यातच दीड तास जातो, आणि चढ सुरू करायला अकरा वाजतात. मग ऊन डोक्यावर, गर्दी पायात, आणि उतरायला अंधार. परतीचंही तसंच. रविवारी संध्याकाळी साताऱ्याकडून येणारी सगळी गाडी खेड शिवापूरपासून कात्रजपर्यंत मुंगीच्या चालीनं येते. चारच्या आत नसरापूर सोडलंत तर घरी चहा मिळेल.

ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी मुळीच थांबू नये. स्वारगेटहून वेल्ह्याला एसटी आहे. नसरापूर फाट्याला, म्हणजे चेलाडीला उतरलात तर पुढे वडाप मिळते. मात्र गाडीतून उतरताना चालक-वाहकाला एक प्रश्न विचारायचाच : “दादा, परतीची शेवटची गाडी किती वाजता?” वेळापत्रक काय म्हणतं यापेक्षा तो काय म्हणतो ते खरं. आणि शेवटच्या गाडीवर हिशेब बांधू नका, तिच्या आधीच्या गाडीवर बांधा.

पेट्रोल आणि रोख पैसे नसरापूरलाच घ्या. फोनवरून पैसे देणं आता खेड्यातही चालतं, पण रेंज गेली की ते थांबतं, आणि रेंज नेमकी जेवणानंतर जाते.

कात्रज ते सिंहगड

आता आपल्या दारातला ट्रेक. मुलं याला ‘के टू एस’ म्हणतात. जुन्या कात्रज बोगद्याच्या वर वाघजाईचं देऊळ आहे, तिथून सुरुवात. धारेवरून पश्चिमेकडे चालत जायचं आणि सिंहगडाच्या घाटरस्त्याला लागायचं. टेकड्या 13 मोजतात. मोजणाऱ्याच्या दमावर हा आकडा थोडा कमीजास्त होतो. अंतर साधारण 15 किलोमीटर, वेळ सहा ते आठ तास.

बहुतेक जण हा ट्रेक पौर्णिमेच्या रात्री करतात, आणि त्यामागे शहाणपण आहे. वाटेवर सावली नाही आणि पाणी अजिबात नाही. दिवसा ऊन खाण्यापेक्षा रात्र बरी. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमाराला उगवतो आणि पहाटे मावळतो, म्हणजे रात्रभर उजेड. त्यानंतर रोज तो साधारण 50 मिनिटं उशिरा येतो. घरात संकष्टी करणारं कुणी असेल तर विचारा. चतुर्थीला ताट वाढून चंद्राची वाट बघत नऊ वाजतात की नाही? तेव्हा पौर्णिमेनंतरच्या शनिवारी जाणार असाल तर आधी कॅलेंडरात चंद्रोदय बघा.

रात्री वाट चुकण्याची भीती सगळ्यांना वाटते. एक साधी खूण सांगतो. सिंहगडाकडे तोंड करून चालताना उजव्या हाताला, म्हणजे उत्तरेला, पुण्याचे दिवे असतात. डाव्या हाताला शिवगंगेचं खोरं आणि सातारा रस्त्याचे दिवे. आणि समोर सिंहगडावरच्या दूरदर्शनच्या मनोऱ्याचा दिवा. दोन्ही बाजूचे दिवे दिसत असतील तर तुम्ही धारेवर आहात. एकीकडचे दिवे गायब झाले, की समजा आपण त्या डोंगराच्या कुशीत उतरायला लागलोय. तिथेच थांबा आणि आलेल्या वाटेनं परत धारेवर या. खाली दिवे दिसताहेत म्हणून सरळ उतरायचा प्रयत्न अजिबात नको. मध्ये कडा असतो, तो अंधारात दिसत नाही.

खरा त्रास होतो उतारांवर. मुरमाड मातीवर वाळलं गवत, म्हणजे घसारा. नवख्या माणसाचा पाय इथेच मुरगळतो. उतरताना शरीर मागे झुकवलं की पाय पुढे सटकतो. गुडघे किंचित वाकवायचे, वजन पायांच्या वर ठेवायचं, छोटी पावलं टाकायची, आणि उतार फारच तीव्र असेल तर आडवं चालायचं. तळ घासलेले बूट घालून येऊ नका. नवे कोरे बूटही नकोत. त्यांना आधी आठवडाभर भाजी आणायला न्या.

पाणी माणशी तीन-चार लिटर. टॉर्च प्रत्येकाकडे स्वतंत्र. ‘मोबाइलचा आहे की’ हे उत्तर चालणार नाही. मोबाइल हा मदत मागायला ठेवायचा आहे. आणि फेब्रुवारीपासून पुढे या डोंगरावर एक काडीसुद्धा पेटवू नका. गवत कोळ झालेलं असतं, वारा असतो. एका विडीच्या थोटकानं लागलेला वणवा रात्रीत सगळी उतरण खातो. त्यात पक्ष्यांची घरटी जातात, वन खात्यानं आणि लोकांनी लावलेली रोपं जातात, खालच्या गुरांचा चाराही जातो.

पावसाळ्यात मात्र ही धार टाळा. धुक्यात एकही दिवा दिसत नाही, वाट शेवाळते आणि वीज पडायला सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मोजा. 30 सेकंदांच्या आत आवाज आला तर ती साधारण दहा किलोमीटरच्या आत आहे. धारेवरून खाली या, एकट्या झाडाखाली थांबू नका.

राजगड की तोरणा?

दोन्ही थोर. 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे 12 किल्ले गेले, त्यात राजगड आहे. त्यामुळे गर्दीही वाढली. राजगडाला जायला रूढ वाटा दोन. गुंजवण्याकडून चोरदरवाजाची वाट जवळची पण उभी, शेवटी कठड्याला धरून चढायला लागतं. पाली दरवाजाची वाट रुंद आणि पायऱ्यांची. घरातली मोठी माणसं, लहान मुलं असतील तर पालीकडून जा. बालेकिल्ल्याचा चढ वेगळा आहे. तो अरुंद आहे, आणि चढणारे-उतरणारे एकाच वाटेवर येतात. ज्याला उंचीची भीती वाटते त्याला चिडवून वर नेऊ नका. पद्मावती माची पाहिली, तळ्यापाशी बसलं, संजीवनी माचीकडे नजर टाकली, तरी राजगड भेटला म्हणायचा.

तोरणा हा पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला, समुद्रसपाटीपासून सुमारे 1400 मीटर. वेल्ह्यातून सरळ वाट आहे. सुरुवातीची धार उघडी, वरचा टप्पा कातळाचा. पहिल्यांदाच डोंगर चढणाऱ्यानं आधी सिंहगड आतकरवाडीकडून चढावा, तो न थांबता जमायला लागला की राजगड, आणि मग तोरणा. शाळेत पहिलीनंतर दुसरी असते, तसंच.

एक नियम सगळ्या किल्ल्यांना. परत फिरायची वेळ खालीच ठरवा आणि मोठ्यानं सांगा. समजा, दुपारी दोन. दोन वाजता बालेकिल्ला दहा मिनिटांवर असला तरी परत. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि डोंगराच्या सावलीत त्याच्याही आधी अंधारतं. मी गेल्या अनेक वर्षांत उशिरा उतरणाऱ्या बऱ्याच मंडळींना टॉर्च घेऊन खाली आणलंय. प्रत्येकाचं वाक्य एकच होतं : “अगदी थोडंच राहिलं होतं हो.”

ज्यांना चढायचं नाही त्यांच्यासाठी

घरात आजी-आजोबा आहेत, गुडघे दुखतात, तरी डोंगर बघायचाय. नसरापूरजवळ बनेश्वर आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं देऊळ, भोवती गर्द झाडी. तिथली घंटा चिमाजीअप्पांनी वसई जिंकली तेव्हाच्या लुटीतली, पोर्तुगीजांची. पुढे गुंजवणीच्या खोऱ्यातून नुसती गाडी फिरवली तरी ऑक्टोबरात पिकलेल्या भाताचा वास येतो. त्यातही सुख आहे.

मधमाश्या, साप आणि ऊन

किल्ल्यांच्या कड्यांना आग्या मोहोळं असतात. उग्र सेंट, धूर आणि आरडाओरडा, या तिन्हींनी त्या चवताळतात. माश्या उठल्याच तर हात झाडत उभे राहू नका. एक माशी मारली की तिच्या वासानं बाकीच्या येतात. डोकं-तोंड कपड्यानं झाका आणि शक्य तितक्या लवकर तिथून लांब जा, पण कड्याच्या बाजूला नाही. काटा रुतला असेल तर नखानं खरवडून काढा. दहा-वीस डंख झाले, किंवा एकाच डंखानं घसा दाटला, अंगावर गांधी उठल्या, तर घरगुती उपाय नको, सरळ दवाखाना.

साप चावला तर चिरा देणं, चोखणं, करकचून दोरी बांधणं, मांत्रिक, हे सगळं वेळ घालवणं आहे. माणसाला आडवं करा, चावलेला अवयव हलू देऊ नका, अंगठी-कडं काढा, आणि प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात न्या. सापाला मारून बरोबर आणायची गरज नाही.

उन्हात चालताना नुसतं पाणी पिऊन भागत नाही, घामातून मीठही जातं. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. सोबतच्याचं बोलणं बरळल्यासारखं व्हायला लागलं, अंग तापलं, तर त्याला सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि मदत बोलवा. 112 आणि 108 सगळ्यांना पाठ असतील. डोंगरात कुणी अडकलं, हरवलं तर गिर्यारोहकांचं बचाव समन्वय केंद्रही आहे, अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाच्या मंडळींनी चालवलेलं. त्यांचा क्रमांक निघायच्या आधीच मोबाइलमध्ये भरून ठेवा. वर रेंज शोधत शोधायची ती गोष्ट नाही. आणि सगळ्यात आधी धावून येतात ती पायथ्याच्या गावातली पोरं. म्हणून आता गावाबद्दल.

आपण कुणाच्या तरी घरी चाललोय

जुलैमध्ये आपण ‘हिरवंगार’ म्हणून ज्याचे फोटो काढतो, ते खाचर आहे. तिथे आवणी चाललेली असते. सकाळपासून कमरेत वाकून बायका चिखलात रोपं लावत असतात. पाऊस आहे तोवर ते काम उरकायचं असतं, वर्षाचा भात त्यावर आहे. आपण काय करतो? खाचराच्या तोंडाशी गाडी लावतो, बांधावरून उड्या मारतो, बांध फुटला की खाचरातलं पाणी वाहून जातं. आणि वर न विचारता त्या बायकांचे फोटो. तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून कुणी असे फोटो काढले तर?

जेवणाचं आदल्या दिवशी फोन करून सांगा. गुंजवण्याच्या एका घरात मी बसलो होतो. अडीच वाजता 14 जणांचा गट आला, “मावशी, जेवण मिळेल ना?” मावशी नाही म्हणाल्या नाहीत. चूल पेटवली, सुनेला शेतातून बोलवलं, पिठलं-भाकरी केली. तासाभरानं पानं वाढली तेव्हा त्यातले पाच जण वेफर्स खाऊन पोट भरल्याचं सांगत होते, आणि पैसे देताना नऊच पानांचे दिले. मावशींनी मोजलेसुद्धा नाहीत. उरलेल्या भाकऱ्या बघत राहिल्या. यात कायदा मोडला नाही कुणी. पण अशी चार माणसं येऊन गेली की पाचव्याला दार बंद होतं, आणि तो पाचवा कदाचित पाय मोडून आलेला असतो.

तर आदल्या दिवशी सांगा, माणसं मोजून सांगा, भाव आधी विचारा आणि सांगितलेला द्या. गडावर विकायला आणलेलं ताक, लिंबूपाणी खालच्यापेक्षा महाग का, म्हणून घासाघीस करू नका. ती घागर कुणीतरी डोक्यावरून वर आणलेली असते. गडावरच्या पिण्याच्या टाक्यात पाय धुऊ नका. देवळात मुक्काम करायचा विचार असेल तर आधी परवानगी विचारा, हे नियम बदलत असतात. आणि कचरा म्हणाल तर जो डबा भरून वर नेता येतो, तो रिकामा खाली आणता येतो.

वाट विचारायची तर म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि अंतर विचारू नका, वेळ विचारा. ‘हे काय, इथंच’ म्हणजे त्यांच्या पायांनी अर्धा तास. आपण दुप्पट धरायचा.

शेवटचं. निघताना घरी एक कागद ठेवा. कुठे जातोय, कोणत्या वाटेनं, बरोबर कोण, त्यांचे नंबर, आणि ‘रात्री नऊपर्यंत फोन आला नाही तर काळजी करा’ अशी एक ओळ. शोध घेणाऱ्यांना सगळ्यात जास्त वेळ लागतो तो माणूस नेमक्या कोणत्या डोंगरावर आहे हे कळायला. त्या एका कागदानं तो वेळ वाचतो.

प्रश्नोत्तरं

*मुलांना कितव्या वर्षापासून न्यावं?*

स्वतःच्या पायानं चालून स्वतःच्या पायानं परत येईल एवढ्याच डोंगरावर, कोणत्याही वर्षी. खांद्यावर मूल घेऊन कातळ उतरणं हे दोघांच्याही जिवावरचं. आणि मूल ‘पुरे’ म्हणालं की तिथे शिखर आलं असं समजा.

*आम्ही चौघी मैत्रिणी रात्री कात्रज-सिंहगड करू शकतो का?*

जरूर करा. पण चौघींनी काय किंवा चौघांनी काय, पहिल्यांदा रात्री वाट माहीत असलेल्याबरोबरच जावं. आधी थंडीत एकदा दिवसा चालून या. वाट डोळ्यांत बसली की रात्र सोपी जाते.

*साठीनंतर जावं का?*

डॉक्टरांना विचारून, हळू, आणि रोजच्या गोळ्या खिशात ठेवून. माझ्याबरोबर सत्तरीचे एक काका असतात. ते सगळ्यांत शेवटी गडावर पोचतात. गड मात्र सगळ्यांत जास्त तेच पाहून येतात.

*गट मोठा असेल तर?*

पुढे एक जाणता, मागे एक जाणता. मागच्याच्या मागे कुणीही नाही. आणि चाल सगळ्यांत हळू माणसाची. बस, एवढं पाळलंत तरी पुष्कळ.

वेळ झालीय. येत्या रविवारी कुणी जाणार असाल, तर शनिवारी रात्री घाट क्षेत्राचा अंदाज तेवढा बघा.